गौरी-गणपतीत बसतं कोण आणि उभं कोण?

प्रश्न : मी ४१ वर्षांची, ठाण्यात राहते, बँकेत नोकरी करते. आमच्याकडे गौरींबरोबर उठणारा गणपती असतो. घरी नवरा, ७० वर्षांच्या सासूबाई, १४ वर्षांची मुलगी आणि ११ वर्षांचा मुलगा. गौरी जेवतात त्या दिवशी नाशिकचे दीर-जाऊ धरून पंचवीस-तीस पानं होतात. नवरा मूर्ती आणतो, मखर करतो आणि म्हणतो, “मी मदत करतोच की.” यंदा सणात पाळी येणार म्हणून मी गोळ्या घेतल्या, डोकं सतत जड होतं. त्या दिवशी सासूबाईंनी मुलीला पानं घ्यायला हाक मारली. मुलगा चुलतभावांबरोबर सोफ्यावर होता. ती म्हणाली, “त्याला का नाही सांगत?” कुणीच उत्तर दिलं नाही. मीही “आत्ता नको” म्हणाले. रात्री भांडी लावताना रडू आलं, तर नवरा म्हणाला, “एवढ्या आनंदाच्या दिवसांत तुझं काय हे?” सासूबाई पहाटे चारपासून ओट्याशी असतात. सासरे गेल्यापासून हळदीकुंकवाच्या वेळी त्या आतल्या खोलीत जाऊन बसतात. त्यांना दुखवायचं नाही. मला हा सण मनापासून आवडायचा, आता श्रावण लागला की पोटात गोळा येतो. मी चुकतेय का? काय करू?

उत्तर :

तुम्ही चुकत नाही. हे आधी सांगते, कारण तुमच्या पत्रात प्रत्येक तक्रारीच्या मागे एक माफी आहे.

गेली २३ वर्षं मी कौटुंबिक समुपदेशन करते. अनंत चतुर्दशी झाली की आणि भाऊबीज आटोपली की माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांची संख्या वाढते. येताना कारण वेगळंच असतं. कुणी पैशांवरून आलेलं असतं, कुणी सासूच्या एका शब्दावरून, कुणी नवऱ्याच्या फोनवरून. पण ठिणगी कधी पडली हे विचारत गेलं, की बोट कॅलेंडरवर सणाच्या आठवड्यात जाऊन थांबतं. सणात भांडण नव्यानं जन्माला येत नाही. वर्षभर जे अंगवळणी पडलेलं असतं ते त्या आठवड्यात दसपट होतं, त्यामुळे पहिल्यांदा डोळ्यांना दिसतं, एवढंच.

वर्षभराचं चित्र कसं आहे, हे केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत नोंदलेलं आहे. २०१९ च्या पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. त्यातही असं काही तरी काम केलेले पुरुष २६.१ टक्केच होते, बायका ८१.२ टक्के. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका अपघाताच्या भरपाईचा निकाल देताना गृहिणीच्या कामाचं मोल मांडलं, तेव्हा याच पाहणीचा आधार घेतला. मग २०२४ ची पाहणी आली. बायकांची मिनिटं २९९ वरून २८९ वर आली. पुरुषांची ८८ झाली. म्हणजे बायकांचा वेळ थोडा वाचला तो मिक्सर, कुकर आणि घरपोच सामानामुळे वाचला असावा असं मी समजते. पुरुषांनी काम उचलल्यामुळे वाचला असता तर त्यांचा आकडा वर गेला असता.

आणि ही झाली साध्या दिवसांची सरासरी. भाद्रपदातला तुमचा आठवडा पाहा. तृतीयेला हरितालिका, म्हणजे बाईला उपास, पुष्कळ घरांत निर्जळी. त्याच दिवशी उपाशीपोटी नारळ खवायचे, दुर्वा निवडायच्या, देवाची भांडी घासायची, कारण उद्या चतुर्थी. चतुर्थीला मोदक. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, म्हणजे बैलाच्या कष्टाचं चालत नाही म्हणून ऋषीची भाजी वेगळी, ती शोधून आणायची. मग अनुराधा नक्षत्रावर गौरी येणार, ज्येष्ठेवर जेवणार, मूळ नक्षत्रावर जाणार. येतात त्या दिवशी भाजी-भाकरी, जेवतात त्या दिवशी पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या, पंचामृत, घावन-घाटलं. निघताना पुन्हा दहीभात, कानवले. शिवाय रोज दोन्ही आरत्यांना खिरापत. उपासापासून निरोपापर्यंतची ही सगळी साखळी एका बाईच्या अंगावरून जाते. पुरुषाच्या वाट्याला येणारी कामं यात आहेत, पण ती सुटी आहेत. मूर्ती आणली की झालं, मखर उभारलं की झालं, विसर्जन करून आलं की झालं. ती दिसतातही. आलेला प्रत्येक पाहुणा मखराचं कौतुक करतो. पुरण किती वेळ परतलं हे विचारणारा पाहुणा मला अजून भेटलेला नाही.

आता तुमच्या नवऱ्याचं ते वाक्य : “मी मदत करतोच की.”

ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच असं वाटतं, आणि माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक नवऱ्यांना असंच वाटत आलं आहे. अडचण ‘मदत’ या शब्दात आहे. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. आपल्या कामाला आपण मदत म्हणत नाही. हा शब्द जोवर घरात आहे तोवर सण तुमचा आणि ते पाहुणे कामकरी. नारळ सांगितले की आणतील, पण नारळ संपत आलेत हे तुमच्या डोक्यात असायला हवं. भटजींना फोन लावतील, पण तुम्ही दोनदा आठवण केल्यावर.

अमेरिकेतल्या अ‍ॅलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ३५ जोडप्यांशी बोलून या डोक्यातल्या कामाचे चार टप्पे मांडले. पुढे काय लागणार हे आधी हेरणं, ते भागवायचे पर्याय शोधणं, त्यातला एक ठरवणं, आणि मग ते झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवण्याच्या वेळी नवरा-बायको दोघं असतात. हेरणं आणि लक्ष ठेवणं मात्र बहुतेक वेळा बाईकडेच राहतं. हे वाचल्यावर मला माझ्या खोलीत बसून गेलेल्या कितीतरी बायका आठवल्या. “त्यांना विचारून ठरवते हो मी सगळं,” असं त्या म्हणायच्या, आणि तरीही थकलेल्या असायच्या. ठरवायला नवरा होता, पण रात्री अडीचला ‘हरभऱ्याची डाळ भिजत घातली का’ म्हणून दचकून जागी व्हायची ती एकटीच.

म्हणून मी जोडप्यांना एक काम देते. तुम्हीही ते करा, पण सणाच्या तोंडावर नको. आषाढात एखाद्या रविवारी करा. दोघांनी दोन वेगळ्या कागदांवर, एकमेकांचं न बघता, हरितालिकेपासून गौरी उठेपर्यंत घरात काय काय करावं लागतं ते लिहायचं. भटजी ठरवण्यापासून ते शेवटची पितळी भांडी कापडात गुंडाळून माळ्यावर जाईपर्यंत. लिहून झालं की कागद अदलाबदल करायचे. त्या वेळी मी काहीच बोलत नाही. एका नवऱ्याचं अर्धं पान झालं होतं, बायकोची तीन पानं पाठपोट. त्यानं ती तिन्ही पानं शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, “मामींना कांदा-लसूण चालत नाही हे दरवर्षी तू लक्षात ठेवतेस?” त्या घरात पुढचं बोलणं त्या एका प्रश्नापासून सुरू झालं. आरडाओरड्यानं जे समजत नाही ते यादी वाचून समजतं, कारण यादीत आरोप नसतो.

तुमच्या यजमानांची बाजूही मला मांडायची आहे. सणाचा खर्च बहुतेक घरांत पुरुषाच्या माथी असतो. महागाई कितीही असो, मूर्ती गेल्या वर्षीपेक्षा लहान आणली की दहा जण विचारतात. कोकणात जाणाऱ्यांमध्ये रात्रभर गाडी चालवणारा तोच असतो. आणि स्वयंपाकघरात जायची त्याला इच्छा असली, तरी चारचौघांत कुणी तरी ‘बायकोच्या ताटाखालचं मांजर’ म्हणतं. ते हसण्यावारी नेलं तरी लागतं. मी पुरुषांना एकटं भेटते तेव्हा ते हे सांगतात, बायकोसमोर सांगत नाहीत. पुरुषानं कमवावं, उचलावं, वाहावं आणि बाईनं रांधावं, वाढावं, आठवण ठेवावी या साच्यात दोघंही अडकलेले आहेत. फरक इतकाच, की सणाच्या आठवड्यात त्याचा साचा त्याला दुपारी झोपू देतो.

“आम्हाला जमत नाही” हे मात्र मी ऐकून घेत नाही. आपल्याकडे गावच्या जत्रेचा भंडारा कोण रांधतं? पाचशे पानांचा भात, हंडाभर आमटी, कढईत माणसाएवढ्या उलथन्यानं ढवळणारे कोण असतात? गावातले बापे. लग्नामुंजीतले आचारी पिढ्यानपिढ्या पुरुष आहेत. पुरीच्या जगन्नाथाचा रोजचा महाप्रसाद सुआर, म्हणजे तिथले सेवेकरी आचारी, रांधतात, तेही पुरुषच. म्हणजे देवाच्या नैवेद्याला पुरुषाचा हात चालत नाही असं आपली परंपरा कुठंच म्हणत नाही. स्वयंपाक सार्वजनिक झाला, त्याला मान किंवा मजुरी मिळाली, की पुरुष चुलीपाशी येतो. घरातल्या गॅसला ना मान ना मजुरी. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांशी मी आता ऑनलाइन बोलते. तिथं हाताशी कुणी नसतं म्हणून दिवाळीत चकलीचा सोऱ्या नवरे फिरवतात, करंज्या कातणीनं कापतात. तेच नवरे सुटीला पुण्यात आले की दिवाणखान्यात बसून राहतात. विमानात बसल्यानं कुणी चकली विसरत नाही. इथल्या घरात त्यांच्यासाठी सोफ्यावरची जागा आधीपासून मांडून ठेवलेली असते.

मग करायचं काय? मी कामं निम्मी-निम्मी करायला सांगत नाही. मी एक अख्खा प्रसंग द्यायला सांगते, मुळापासून शेंड्यापर्यंत. गौरीजेवण पहिल्या वर्षी देऊ नका, ते फार मोठं आहे आणि फसलं तर तीस माणसांसमोर फसेल. चतुर्थीचे मोदक द्या. घरचीच माणसं असतात, आणि हे काम नेटकं, मोजता येण्याजोगं आहे.

मोदक म्हणजे चतुर्थीला सकाळी ओट्याशी उभं राहणं एवढंच नाही. आठवडाभर आधी आंबेमोहोराची पिठी आणून ठेवणं, ती ताजी आहे ना हे पाहणं. नारळ आणणं, एक जास्तीचा, कारण एखादा खवट निघतोच. गूळ, वेलची, जायफळ बघून ठेवणं. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ घालून सारण आटवणं, पण कोरडं न होऊ देणं. दोन वाट्या पिठीला दोन वाट्या पाणी, चिमूट मीठ, चमचाभर तूप, उकळी फुटली की पिठी घालून झाकण, मग हात भाजत असताना उकड मळणं. पाऱ्या, कळ्या, मोदकपात्रात दहा-बारा मिनिटं. नैवेद्याचे एकवीस मोजून बाजूला. आणि शेवटी मोदकपात्राला चिकटलेली उकड खरवडून पात्र घासणं. ते घासून जागेवर गेल्याशिवाय मोदक झाले असं म्हणायचं नाही.

पहिल्या वर्षी मोदक फुटतील. कळ्या पाचच पडतील. काही मोदक लाडवासारखे दिसतील. त्या वेळी तुम्ही बाहेर बसायचं आहे. हे तुम्हाला त्यांच्यापेक्षा जड जाईल, हे मी अनुभवानं सांगते. उकड कोरडी पडताना दिसते, हात शिवशिवतात, “सरका, मी करते” तोंडावर येतं. ते एकदा म्हटलंत की काम कायमचं तुमच्याकडे परत आलं. त्यांनी विचारलं तर सांगा, न विचारता सांगू नका. गणपतीला फुटका मोदक चालतो.

पुढच्या वर्षी त्यात एक भर. विड्याचं सामान, फुलं-पत्री आणि पूजेची सगळी तयारी. आपल्याकडे पूजेला पुरुष बसतो, पण ताम्हन, पळी, जानवं, कापसाची वस्त्रं, हळदकुंकू हे सगळं मांडून बाई मागे उभी राहते आणि भटजींनी “गंध?” म्हटलं की धावते. बसणाऱ्यानंच मांडावं. आणि एखाद्या वर्षी पूजेला तुम्ही बसा. यात अशास्त्रीय काही नाही. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीनं प्रशिक्षण दिलेल्या स्त्री-पुरोहित पूजा सांगतात, आणि लोक त्यांना आवर्जून बोलावतात.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात त्या दोन ओळींत येतात, पण मला वाटतं या सगळ्याची किल्ली तिथंच आहे.

सत्तर वर्षांच्या त्या बाईकडे काय उरलं आहे, हे पाहा. आर्थिक निर्णय मुलाकडे गेले. नातवंडं मोठी झाली. वर्षातला हा एक आठवडा असा, की घर त्यांच्या शब्दावर चालतं : पुरणात गूळ किती, भाज्या कुठल्या, कुणाला कुठं बसवायचं. तिथं सून येऊन म्हणाली, “आई, एवढं कशाला, मोदक बाहेरून मागवू,” तर सुनेला ते श्रम वाचवणं वाटतं आणि सासूला ती जागा काढून घेणं वाटतं. म्हणून सणातले बहुतेक बदल सासू-सुनेच्या भांडणावर येऊन फुटतात, आणि ज्याच्यासाठी बदल करायचा तो पुरुष बाहेर आरतीची टाळी वाजवत असतो.

तेव्हा एक पथ्य कडक पाळा : सासूबाईंशी हे बोलणं तुम्ही करायचं नाही. त्यांच्या मुलानं करायचं. आणि “हिला झेपत नाही” असं म्हणून तर अजिबात नाही. ते वाक्य निघालं की तुम्ही आळशी ठरलात. त्यांनी म्हणायचं, “आई, यंदा मोदक मी करणार आहे. मला शिकव.” त्या हसतील, कदाचित म्हणतील, “अरे, बायका घरात असताना तू?” त्यावर उत्तर एवढंच : “बाबांना कधी जमले नाहीत, मला जमवायचेत.” शिकवायला सांगितल्यावर त्यांचा अधिकार जात नाही, वाढतो. मी अशा कितीतरी सासवा पाहिल्या, ज्या सुनेच्या हातातलं उलथनं सहन करत नव्हत्या, पण मुलगा ओट्याशी आल्यावर स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि तासभर बोलत राहिल्या.

आणि ती दुसरी ओळ. पहाटे चारपासून ज्यांच्या हातचं जेवण गौरी जेवतात, त्या बाई हळदीकुंकवाच्या वेळी आत जाऊन बसतात. तुम्ही ते सहज लिहून गेलात, कदाचित इतकी वर्षं पाहून नजर सरावली असेल. मला ते वाचून थांबावं लागलं. काम चालतं, मान चालत नाही. बाईच्या वाट्याला सणातलं काय येतं याचं इतकं उघड उदाहरण दुसरं नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ग्रामसभेत ठराव केला, की नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं आमच्या गावात होणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. एक गाव ठराव करू शकतं, तर एक घर नक्कीच करू शकतं. मात्र त्यांना चारचौघांत एकदम पुढं ओढू नका. अवघडून त्या आणखी आत जातील. आधी एकांतात विचारा. पुढच्या वर्षी गौरीची ओटी पहिली त्यांनी भरावी, आणि तुमचं हळदीकुंकू तुम्ही त्यांच्या हातून लावून घ्यावं. ‘लोक काय म्हणतील’ याची धास्ती त्यांना असेल. त्या वेळी शेजारी मुलगा उभा असला पाहिजे. सणाच्या वाटणीबद्दल सासूबाई तुमच्या बाजूनं कधी झाल्याच, तर त्या इथून होतील. त्यासाठी मात्र हे करू नका. ते त्यांचं आहे म्हणून करा.

गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलते. पाळी पुढं ढकलायच्या त्या संप्रेरकांच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून किंवा दुकानातून परस्पर घेऊ नका. रक्तात गुठळी होण्याचा धोका, यकृताचे विकार, अर्धशिशी असणाऱ्यांना त्या घातक ठरू शकतात. तुमचं डोकं दिवसचे दिवस जड होतं, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना आधी जाऊन सांगा. पण त्याहून आधी घरात एक प्रश्न विचारा. बाई शिवायची नाही म्हणून औषध घ्यावं लागतं, कारण ती बसली तर सगळा सण बसतो. त्या चार दिवसांत घरातले बाकीचे उभे राहू शकले असते, तर गोळी लागलीच नसती. पाळीत पूजा करावी की नाही हा तुमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. तब्येत पणाला लावावी की नाही हा श्रद्धेचा प्रश्न नाही.

काही गोष्टी पटकन सांगते. सोळा भाज्यांची एकच मिसळीची भाजी पुष्कळ घरांत करतात, तुमच्याकडे सोळा वेगळ्या होत असतील तर जावेशी बोला. तिलाही हेच वाटत असण्याची शक्यता मोठी आहे. दीर-जाऊ येताना एक पदार्थ पूर्ण तयार आणू शकतात, आणि तो दिरानं करायला हरकत नाही. पुरणपोळ्या बचत गटाकडून घ्या, जरूर घ्या, पण लक्षात असू द्या की त्या लाटणारीही बाईच आहे आणि तिच्या घरीही गौरी असतील, तेव्हा ऑर्डर लवकर द्या आणि भावात घासाघीस करू नका. घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं काम त्या दिवसांत तिप्पट होतं. त्याचे पैसे वेगळे द्या, आणि गौरीजेवणाच्या दिवशी त्यांना सुटी. त्या दिवशीची भांडी घरातल्या पुरुषांनी घासावी. पंगतीचं म्हणाल, तर पुरुष आधी आणि बायका दमल्यावर गार पोळी, हे पहिल्याच वर्षी मोडा. दोन पंगती लागत असतील तर पहिल्या पंगतीत सासूबाई, लेकी, सुना बसतील आणि पुरुष वाढतील. वाढणारा माणूस पहिल्यांदा स्वयंपाक नीट बघतो. कुठल्या पातेल्यात काय आहे, काय संपत आलं, कुणाच्या पानात आमटी नाही. आधी म्हटलेलं ते लक्ष ठेवण्याचं काम त्याला शब्दांनी शिकवता येत नाही, वाढायला उभं केलं की येतं.

शेवटी मुलांकडे येते. तुमच्या रडण्याचं खरं कारण थकवा नव्हता, असं मला वाटतं.

माझा मुलगा बारा वर्षांचा असताना दिवाळीत करंज्या भरायला येऊन बसला होता. मी म्हणाले, “जा, तू खेळ, सारण सांडवशील.” तो गेला. त्याच वेळी सारण सांडणाऱ्या दहा वर्षांच्या भाचीला मी जवळ बसवून शिकवत होते. मी तेव्हा हेच काम करत होते. घरोघरच्या बायकांना समजावत होते, आणि माझ्याच स्वयंपाकघरातून एका मुलाला बाहेर पाठवत होते. पुढं तो शिकायला दूर गेला. एका रात्री फोनवर म्हणाला, “आई, मला साधं वरण येत नाही गं.” त्याला ते येत नव्हतं, कारण मी येऊ दिलं नव्हतं. साचा असा तयार होतो. कुणी मुलाला बसवून सांगत नाही, की हे बायकांचं काम. त्याला नुसतं खेळायला पाठवलं जातं.

तुमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. आत्ता त्याला काम हे काम वाटतं, अजून बाईचं काम वाटत नाही. दोन-चार वर्षांत वाटायला लागेल. ‘आईला मदत कर’ असं सांगू नका, तिथंही तोच शब्द येतो. रोजची पानं घेणं आणि उचलणं त्याचं, आठवण न करता. सणात गौरीला साडी नेसवायला त्याला शिकवा. निऱ्या घालण्यात मुलांना फार गंमत वाटते असा माझा अनुभव आहे. आणि मुलीला मखराच्या वायरिंगला बसवा, विसर्जनाला पाण्यापर्यंत जाऊ द्या, मूर्तीला हात लावू द्या. नुसतं मुलाला आत आणून भागत नाही, मुलीला बाहेरही जाऊ द्यावं लागतं.

तिनं तुम्हाला सगळ्यांसमोर एक सरळ प्रश्न विचारला होता. चौदाव्या वर्षी असा प्रश्न विचारायला धीर लागतो, आणि उत्तर आलं नाही तर तो पुन्हा विचारला जात नाही. त्या दिवशी तुम्ही “आत्ता नको” म्हणालात. समोर तीस माणसं, अंगात ताप असल्यासारखं डोकं, मी तुम्हाला दोष देत नाही. पण हे उत्तर पुढच्या गणपतीपर्यंत ठेवू नका. आषाढातला तो रविवार, ते कागद, ते मोदक सगळं नंतर. आज संध्याकाळी तिला जवळ घेऊन सांगा, की तुझा प्रश्न बरोबर होता आणि मी तेव्हा गप्प राहायला नको होतं. हे बोलताना तिचे वडीलही तिथं असू द्या. मग रात्री जेवणं झाल्यावर मुलाला हाक मारा आणि ताटं उचलायला सांगा.